वाट पडू नये म्हणून

गोव्यातल्या सर्वण गावच्या गौरवीबाईंविषयी कुणालाही विचारा, दोन गोष्टी हमखास सांगतील. बाई वर्गात कधी खुर्चीवर बसत नाहीत, आणि कंटाळलेलं मूल दिसलं की बाईंना स्वतःचाच अपमान झाल्यासारखं वाटतं. अशा बाईला करोनाच्या पहिल्या वर्षी हुकूम आला की शाळा बंद, आता मोबाइलवरून शिकवा. चौथीची सव्वीस मुलं एका दिवसात सव्वीस काळे चौकोन झाली. गौरवी त्या चौकोनांना रोज तास-दीड तास बेडूक, भागाकार, थोर पुरुष असं सगळं सांगत बसायची आणि शेवटी "समजलं ना?" म्हणून विचारायची. चौकोन "हो बाई" म्हणायचे. चौकोनांना सगळंच समजत होतं.

एके दिवशी तिनं दिपालीला प्रश्न विचारला. दिपालीच्या चौकोनातून कुकरची शिट्टी आली. पुन्हा विचारला, दुसरी शिट्टी आली. मागाहून कळलं की दिपाली रोज मोबाइल डाळीच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि खुशाल गोठ्यात वासराशी खेळायला जायची. गौरवी आधी पोट धरून हसली आणि मग तिला रडू आलं. वासरू आपल्यापेक्षा बरं शिकवत असणार, हे तिला मनोमन पटलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं दोन मिनिटांत तास संपवला. म्हणाली, "मोबाइल बंद करा. घरात तीन तऱ्हेच्या बिया शोधा. मोठ्या माणसांना त्यांची नावं विचारा. संध्याकाळी सात वाजता मी एकच प्रश्न पाठवीन, आज काय केलंत? आवाजात सांगायचं." त्या संध्याकाळी तेवीस आवाज आले. कुणी कुळथाचं सांगितलं, कुणी आजीच्या भांडणाचं. दिपालीनं वासराच्या तोंडातून ओढून काढलेल्या भोपळ्याच्या बीचं सांगितलं. गौरवी जेवायचं विसरून ऐकत बसली. मोबाइल म्हणजे फळा नव्हे, शाळेची घंटा आहे, ती वाजवायची आणि मुलांना बाहेर सोडायचं, हे गमक तिला त्या दिवशी सापडलं.

ही गोष्ट रुद्रेशच्या कानावर गेली. रुद्रेश तिच्याबरोबर डी.एड.ला होता. तो शिक्षक काही झाला नाही. पणजीच्या एका संस्थेत ऑनलाइन कोर्स तयार करण्याच्या कामावर लागला होता. बोलण्यात साखर, डोक्यात शंभर कल्पना आणि एकही पुरी करायला वेळ नाही, असा त्याचा स्वभाव. पण गौरवीचं काम त्यानं खरोखर मन लावून ऐकलं. "गौरवी, हे सोनं आहे गो," तो म्हणाला. "सव्वीस मुलांपुरतं ठेवू नकोस. आपण गोव्यातल्या सगळ्या मुलांसाठी एक कोर्स करू. विषय तू निवड."

तिला विषय शोधावा लागला नाही. गोव्यात चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली फळं, शेंगा, वेली, बागेतली सुपारीची पेंड, असं ऋतूचं सगळं देणं बांधतात. तिला माटोळी म्हणतात. त्या माटोळीखाली उभं राहून पोरं आरत्या घसा फोडून म्हणत होती, पण वर काय टांगलंय ते विचारलं तर नारळाच्या पुढे कुणाची गाडी जात नव्हती. गौरवीला मात्र सगळी नावं येत होती, कारण ती हळर्णची माहेरवाशीण होती आणि तिच्या शेजारच्या घरात शेवंतीमावशी राहायची.

शेवंतीमावशी चाळीस वर्षं चवथीच्या आधी तीन दिवस डिचोलीच्या माटोळीच्या बाजारात बसायची. घागऱ्या, कवंडळं, माटीच्या झाडाची फळं, सगळं रानातून स्वतः तोडून आणलेलं. पण लोक थांबायचे ते कांगलांसाठी. पिवळ्या-नारिंगी घोसांची ही रानवेल दिवसेंदिवस दुर्मीळ होत चाललेली, आणि मावशीसारखे भरगच्च घोस दुसऱ्या कुणाच्या पाटीत नसायचे. गौरवीचं लग्न होऊन ती सर्वणला आली तेव्हापासून मावशी दर वर्षी पाटीतला पहिला घोस तिच्यासाठी बाजूला काढून ठेवायची. "माहेरची माटोळी," म्हणायची आणि पैशाचं नाव काढू द्यायची नाही.

मावशी कोर्सात आली ती सहज. तिला मोबाइलसमोर बोलायची भीती नव्हती, कारण मोबाइल तिच्या लेखी एक आरसा होता. गौरवीनं नऊ दिवसांत नऊ धडे केले. प्रत्येकात मावशीचा आवाज, तीन मिनिटांच्या वर नाही. आधी एखादं कोडं, मग एका फळाची ओळख, मग काम. रानाच्या कडेला मोठ्या माणसाबरोबर जा, फळ शोधा, हुंगा, काढून रंगवा, आजीला तिच्या बोलीतलं नाव विचारा, फोटो पाठवा. उत्तर चुकलं तर फुली नाही, उलट एक प्रश्न. आणि रोज सातला तोच निरोप, आज काय केलंत? कुणीही, काहीही बोललं की कोर्सचं ॲप त्याला नावानं हाक मारून म्हणायचं, शाब्बास. हे शाब्बास गौरवीनंच घालायला लावलं होतं. घाबरट मूल एकदा बोललं की पुढं बोलतं, हा तिचा अनुभव होता.

एकच अडचण आली. आधी थोड्या मुलांवर कोर्स करून पाहिला, तर काही हुशार बापांनी इंटरनेटवरचे फोटो उचलून पाठवले. एका कवंडळामागे तर बर्फाचे डोंगर दिसत होते. रुद्रेशनं तोड काढली. फोटो ॲपमधूनच काढायचा, म्हणजे तो कुठं काढला ते आपोआप नकाशावर उमटेल. मूल खरंच बाहेर पडलं की नाही ते कळेल, आणि सुर्ल्याच्या मुलीला हळर्णच्या मुलाचं रान दिसेल.

"नकाशा कोण बघणार?" गौरवीनं विचारलं.

"मी आणि तू. मुलांना नुसते ठिपके दिसतील, जागा नाही. आणि कोर्स संपला की पुसून टाकू. माझा शब्द."

तिनं संस्थेच्या कागदावर सही केली आणि रुद्रेशच्या शब्दावर विश्वास ठेवला. का ठेवू नये? डी.एड.च्या परीक्षेआधी त्याला स्वतःच्या वह्या तिनं दिल्या होत्या, आणि त्यानं त्या वेळेवर परत केल्या होत्या. माणसाची पारख करायला आपल्याला एवढंसुद्धा पुरतं.

आता नमुना हवा होता. मुलांनी काय पाठवायचं ते आधी आपण करून दाखवलं नाही तर मुलं गोंधळतात, हे कुठलाही शिक्षक सांगेल. गौरवीला नमुन्यासाठी सगळ्यांत देखणं फळ हवं होतं. तिनं मावशीकडे कांगलांची गोष्ट काढली.

मावशी दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, "चल."

हळर्णच्या जुन्या कोटाच्या मागं टेकडी आहे. मावशी सरळ वर गेली नाही. आधी ओहोळातून, मग करवंदीच्या जाळीला वळसा घालून, मग एका कातळावरून. गौरवी धापा टाकत म्हणाली, "मावशे, सरळ वाट नाय काय?"

"सरळ वाट आसा, पण ती घेवची नाय. दर खेपेक वेगळ्या बाजून येवचा, वेगळ्या बाजून जावचा. एकदां वाट पडली की जागा सगळ्यांची जाता. माज्या सासयेन माका दाखयली, तिच्या सासयेन तिका. चाळीस वर्सां मी ह्या रानात वाट पडूक दिली नाय."

वेल एका किंजळाच्या झाडावर चढली होती. बुंधा मनगटाएवढा जाड, आणि वर घोसच घोस. मावशीनं कमरेची पिशवी सोडली, एक विड्याचं पान आणि चार तांदूळ राखणदाराच्या नावानं मुळाशी ठेवले. मग मागं वळून म्हणाली, "माका पोटचा चेडू नाय. सुनेक रानाचो कंटाळो. म्हणान तुका दाखयतंय. कोणाक सांगशी नको."

"नाय सांगणा."

गौरवीनं मोबाइल काढला तेव्हा मावशीनं त्या काळ्या काचेकडे जरा निरखून पाहिलं. "हेची वाट पडता काय गो?"

गौरवी हसली. "मोबाइलाची कसली वाट, मावशे?"

तिनं नमुन्याचा फोटो काढला. आणि मावशी आपणहून बोलायला लागली म्हणून व्हिडिओही चालू केला. मावशी वेलीखाली उभी राहून बोटानं मोजत होती. "हे पांच घोस माजे. हे चार पाखरांचे आनी शेकऱ्यांचे. ह्यो खालचो फुडल्या वर्साचो. तेका हात लावचो नाय. बघूचा आनी घराक जावचा." मग तिनं खरंच पाच घोस कोयतीनं अलगद कापले, उरलेल्यांकडे एकवार पाहिलं आणि ती दुसऱ्या बाजूनं उतरायला लागली. हा दहावा धडा, हे गौरवीनं तिथंच ठरवलं.

पण दहावा धडा जमला नाही. सहा मुलांना दाखवला, सहाही मुलं तिथंच अडकली. पाठवायला फोटो नव्हता, शोधायला फळ नव्हतं. दिपालीनं सातच्या निरोपाला उत्तर पाठवलं, "बाई, मी आज काहीच केलं नाही." रुद्रेश म्हणाला, "बघ बाबा, धडा गोड आहे, पण त्यात करायला काय आहे?" गौरवीनं रात्रभर विचार वगैरे केला नाही. तिला स्वतःलाच पटलं होतं. ज्यात मुलांना करायला काही नाही तो धडा नव्हेच, असं ती भेटेल त्याला सांगत फिरत होती. तिनं स्वतःच्या बोटानं तो काढून टाकला आणि मावशीला सांगायचं राहून गेलं.

कोर्स गाजला. दुसऱ्या वर्षीच्या चवथीला अडीच हजार मुलांनी तो केला. गौरवीचा सत्कार झाला, शाल मिळाली, रुद्रेशनं भाषणात तिला "आमची गुरू" म्हटलं. मावशीला संस्थेनं एक भिंतीवरचं घड्याळ दिलं, ते मावशीनं लावलंच नाही. तिला वेळ कळायला ते लागत नव्हतं.

तिसरं वर्ष उजाडलं. शाळा उघडल्या, काळे चौकोन पुन्हा मुलं झाली. चवथीच्या दोन दिवस आधी सकाळी गौरवी डिचोलीच्या बाजारात गेली, दर वर्षीसारखी मावशीकडून घोस घ्यायला.

मावशी जागेवर नव्हती. ती बसायची त्या पायरीशी एक टेम्पो उभा होता आणि टेम्पोत प्लास्टिकच्या खोक्यांतून कांगलां ओसंडत होती. असा ढीग गौरवीनं जन्मात पाहिला नव्हता. घोस नव्हते ते, अख्ख्या वेली होत्या. पानांसकट, फांद्यांसकट ओढून काढलेल्या. नुसता हा एकच टेम्पो नव्हता. पलीकडे आणखी दोन होते, आणि तिथं कवंडळांचीही तीच गत होती.

टेम्पोवरचा माणूस तिला बघून खाली उतरला. तिशीतला, दाढी वाढलेला, हसरा. "गौरवीबाई ना तुमी? बाईनू, मी सागर. दोडामार्गाकडचो. सुर्ल्याच्या खाणीर टिपर चालवत होतंय. खाण बंद पडली, तशी चार वर्सां घराक बसान होतंय." त्यानं हात पुसले आणि चक्क वाकून नमस्कार केला. "तुमच्याच कोर्सात शिकलंय मी. तुमी नसतास तर आमका ह्या फळांची नावांय कळली नसती."

"माझ्या कोर्सात? तो मुलांचा कोर्स होता."

"ह्यो मोठ्यांचो." त्यानं मोबाइल काढला. पडद्यावर मोठ्या अक्षरांत होतं, माटोळी व्यवसाय, पंधरा दिवसांत. खाली संस्थेचं नाव. सागरनं एक धडा लावला आणि बाजाराच्या गलक्यात शेवंतीमावशीचा आवाज आला, तेच कोडं, तीच तीन मिनिटं. प्रत्येक धड्याखाली काम दिलेलं होतं. फळ शोधा. फोटो पाठवा. पाच किलो गोळा करा. शेवटचं काम होतं, माल बाजारात मांडा. सागरच्या नावाचं प्रमाणपत्रही होतं. ते त्यानं कौतुकानं दाखवलं.

"आनी ह्यो नकाशो," तो म्हणाला. "हेच्यामुळां सगळा सोपा झाला. नायतर रानात खंय शोधणार?"

नकाशा पुसलेला नव्हता. अडीच हजार मुलांनी भाबडेपणानं टाकलेले ठिपके पेडण्यापासून डिचोलीपर्यंत लाल पुरळासारखे उठले होते, आणि आता प्रत्येक ठिपक्यावर बोट ठेवलं की तिथवर जायचा रस्ता उघडत होता. सागरनं हळर्णच्या मागचा एक ठिपका मोठा केला. "सगळ्यात बरी जागा ही. मनगटाएवढी वेल होती." ठिपक्याच्या बाजूला लिहिलं होतं, नमुना उत्तर, गौरवीबाई.

 गौरवी टेम्पोच्या फळीला धरून उभी राहिली. सागरला वाटलं, बाईंना ऊन लागलं. त्यानं पाणी आणून दिलं. या माणसावर रागावता येत नव्हतं, हे तर सगळ्यांत वाईट होतं. सांगितलेला प्रत्येक धडा त्यानं मन लावून केला होता. वर्गात असा विद्यार्थी मिळाला असता तर तिनं त्याला डोक्यावर घेतलं असतं.

तिनं तिथंच बाजूला होऊन रुद्रेशला फोन लावला.

"नकाशा पुसणार होतास," ती म्हणाली. नमस्कार नाही, काही नाही.

"अगे, बरं झालं तू फोन केलास, मी कळवणारच होतो—"

"शब्द दिला होतास मला."

"गौरवी, असा मजकूर कुणी पुसतं का? तू कागदावर सही केलीस, सगळं संस्थेचं झालं. आणि वाईट काय झालं सांग. खाणी बंद पडलेली माणसं आहेत, त्यांच्या हाताला काम मिळालं. तुला आनंद व्हायला हवा."

"त्यांनी अख्ख्या वेली ओढून काढल्या रे. पुढच्या वर्षी ते काय तोडणार?"

"हे मी त्यांना शिकवलं नाही." रुद्रेशच्या आवाजातली साखर आता आटली होती. "तूच म्हणायचीस ना, बसून ऐकू नका, उठा, जा आणि करा? त्यांनी केलं. तुझ्या कोर्सात कुठं होतं तोडू नका म्हणून?"

"दहावा धडा होता."

"तो तू काढलास," रुद्रेश म्हणाला.

तिनं फोन बंद केला. ज्यानं वह्या वेळेवर परत केल्या होत्या त्यानं केसानं गळा कापला होता. आणि कापताना सुरी मात्र तिचीच वापरली होती. तिला त्याला शिव्या द्याव्याशा वाटल्या, भर बाजारात मोठ्यानं, पण शिवी द्यायला तोंड उघडलं की त्याचं शेवटचं वाक्यच आठवत होतं. असा जळफळाट तिनं आयुष्यात अनुभवला नव्हता, की ज्याच्यावर जळावं त्याच्यापर्यंत तो पोचतच नाही, अर्ध्या वाटेवरून परत फिरतो.

दुपारी ती स्कूटर घेऊन हळर्णला गेली. आधी मावशीच्या घरी जायची छाती झाली नाही. कोटाच्या मागं वळली तर टेकडीच्या पायथ्याशी टेम्पोच्या चाकांची खूण होती आणि तिथून वर, सरळ, करवंदीची जाळी तोडून, दोन माणसं शेजारून चालतील एवढी रुंद वाट गेली होती. लाल माती तुडवून गुळगुळीत झालेली. तिला काही शोधावं लागलं नाही. वर किंजळाच्या फांद्या मोडून लोंबत होत्या. वेल कमरेएवढ्या उंचीवर कोयत्यानं तोडलेली होती, ओढाताणीत मुळं उपटून उघडी पडली होती, आणि वरचा भाग खाली ओढून नेलेला. मुळाशी पाण्याची रिकामी बाटली पडली होती, आणि तिच्या शेजारी विड्याचं सुकलेलं पान आणि चार तांदूळ. म्हणजे मावशी येऊन गेली होती.

शेवंतीमावशी पडवीत बसून तिच्या घरच्या माटोळीची चौकट बांधत होती. कुंब्याच्या सालीचा दोर, सुपारीची पेंड, तोरिंगं, पडवळ. गौरवीला पाहून तिनं हात थांबवले नाहीत.

"इलंस गो? बस."

गौरवी पायरीवर बसली. येताना तिनं काय काय बोलायचं ते ठरवलं होतं. रुद्रेशनं फसवलं, शब्द मोडला, कागदावर सही घेतली. त्यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. "मावशे, माका फसयलां तेणी," एवढंच ती म्हणाली.

"तुका फसयलां?" मावशीनं दोराची गाठ आवळली. "माका कोणी फसयलां मगे?"

तिनं दोराचं दुसरं टोक ओढून घेतलं.

"त्या दिसा मी तुका विचारलां, हेची वाट पडता काय. तू हसलंस." मावशी रागानं बोलत नव्हती. राग असता तर गौरवीला सोपं गेलं असतं. "तो टेम्पोवालो आमच्या दारात येवन पाणी मागून गेलो. बरो माणूस. तेणांच माका मोबाइलार दाखयल्यान. माजोच आवाज. मी तेका म्हटलां, बाबा, हां माजाच रान. तो म्हणालो, आजये, रान सगळ्यांचा."

गौरवीनं मान खाली घातली.

"एक सांग," मावशी म्हणाली. "मी थंय वेलीखाला उभ्यान बोल्लंय, पांच माजे, चार पाखरांचे, तां पोरांनी आयकल्यानी?"

खोटं बोलता आलं असतं. मावशी काही तपासायला जाणार नव्हती.

"नाय, मावशे."

"त्या टेम्पोवाल्यान?"

"नाय. तो धडो मी काढून टाकलो."

"कित्याक?"

"तेच्यात पोरांक करूक कायच नाय होता."

मावशीचे हात आता थांबले. तिनं गौरवीकडे पाहिलं, अगदी सावकाश, जणू ही मुलगी कोण ते तिला नव्यानं ओळखून घ्यायचं होतं.

"करूक नाय होता?" ती म्हणाली. "चाळीस वर्सां मी तांच करतंय गो."

मग ती उठून आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात केळीच्या पानात गुंडाळलेला कांगलांचा एक घोस होता. गौरवीनं तो ओळखला. त्याचा देठ कोयतीनं कापलेला नव्हता, ओढून तोडलेला होता, साल लोंबत होती. मावशी त्या सकाळी पेडण्याच्या बाजारात गेली होती, चाळीस वर्षांत पहिल्यांदा गिऱ्हाईक म्हणून.

"माहेरची माटोळी," ती म्हणाली. "दर वर्सा दिलंय, औंदाय चुकूक नाय. विकत घेवन दितंय. पण ही निमाणी. फुडल्या वर्सा येव नको."

गौरवीनं दोन्ही हातांनी घोस घेतला. पाया पडायला वाकली तेव्हा मावशीनं पाय मागं घेतले नाहीत, पण डोक्यावर हातही ठेवला नाही. ती पुन्हा बसली आणि दोर हातात घेतला. तिच्या चौकटीत मधोमध, जिथं दर वर्षी कांगलां असायची, तिथं दोराची नुसती मोकळी गाठ होती.

सर्वणला पोचेपर्यंत सात वाजत आले होते. नवऱ्यानं चौकट टांगून ठेवली होती. घोस पाहून तो म्हणाला, "वा, मावशीनं औंदा पण लक्षात ठेवलंन." गौरवी स्टुलावर चढली. देठाला दोर बसत नव्हता, साल निसटत होती. तीनदा बांधला तेव्हा कुठं घोस राहिला.

ती खाली उतरली तोच मोबाइल वाजला. कोर्स तपासता यावा म्हणून तिनं स्वतःचं नाव कधीकाळी विद्यार्थ्यांत घालून ठेवलं होतं, ते तसंच राहिलं होतं. पडद्यावर तिचाच निरोप आला होता, तिच्याच शब्दांत. आज काय केलंत? आवाजात सांगा.

गौरवीनं बटण दाबून धरलं. "शेवंतीमावशीनं विश्वासानं दाखवलेली जागा मी फोडली," ती म्हणाली. "वेल मेली. मावशी मला तुटली." तिनं बोट उचललं. क्षणभर पडद्यावर चाक फिरलं, मग हिरव्या चौकटीत अक्षरं आली.

शाब्बास, गौरवी! उद्याचा धडा आता उघडला आहे.